हलका, चपळ आणि बिनआवाजाचा लाँचर

माउसच्या एका क्लिकने सरकार पडू शकतं, हे तिला सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी कळलं. इथे पडलं म्हणजे उठलं. सरकार हे तिच्या दहा महिन्यांच्या मुलाचं घरातलं नाव. ते नवऱ्याने ठेवलं होतं. का, तर हा स्वतः काडीचं काम करत नाही, सगळ्या घराला कामाला लावतो आणि याच्याविरुद्ध दाद मागायला वर कुणी नाही.

ती घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. म्हणजे नवीन यंत्र आणल्यावर जी पुस्तिका आपण न वाचता खणात टाकतो ती. ‘हिरवं बटण दाबा. दिवा लागला नाही तर पुन्हा दाबा. तरीही न लागल्यास घरात वीज आहे का पाहा.’ हे कुणीतरी बसून लिहितं, दुसरं कुणी तपासतं आणि त्यावर दोन बैठका होतात, हे लोकांना खरं वाटत नाही. नवऱ्यालाही लग्नाआधी वाटलं नव्हतं.

बाळंतपणाची रजा संपल्यावर विभागप्रमुख बाईंनी तिला महिनाभर घरून काम करायची परवानगी दिली होती, ‘प्रायोगिक तत्त्वावर’. प्रयोग या शुक्रवारी संपणार होता. कपडे धुण्याच्या नव्या यंत्राची चौसष्ट पानी पुस्तिका दुपारी बाराच्या आत पाठवायची. गेली तर घरून काम कायम. नाही गेली तर सोमवारपासून ऑफिस, आणि सरकार पाळणाघरात. पाळणाघर तिने बघून ठेवलं होतं. नावं ठेवायला जागा नव्हती. स्वच्छ होतं, बाई हसऱ्या होत्या. पण पाळणे अकरा होते आणि बाई एक. अकरा पाळण्यांतल्या श्वासांना दोन डोळे कसे पुरायचे, हा भागाकार ती तेव्हापासून रोज करत होती आणि दर वेळी बाकी उरत होती.

सरकार जागे असताना काम अशक्य. ते कीबोर्ड खात. झोपत दिवसातून दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटं; रात्रीही झोपत, पण तिचा दंड धरून, तिला हलू न देता. त्यामुळे घरात वेळ मोजायचं मापच ‘झोप’ झालं होतं. एका झोपेत सात पानं. सोमवार सकाळ ते शुक्रवार दुपार नऊ झोपा. नऊ साते त्रेसष्ट, आणि चौसष्टावं पान म्हणजे मुखपृष्ठ, ते तयारच होतं. इतका चोख हिशेब तिने पदवीच्या परीक्षेतही केला नव्हता.

झोपेच्या वेळचे कायदेही ठरलेले होते. दाराच्या घंटीत कापसाचा बोळा. फोन उशीखाली. पाणी प्यायचं तर नळाच्या तोंडाला पेला टेकवून. मिक्सर तर दहा महिने माळ्यावरच होता. भिंतीवरच्या घड्याळातला सेल तिने काढून ठेवला होता, कारण सेकंदकाटा पाय आपटत चालतो असं तिचं मत होतं. शिंक आली तर नवऱ्याने जिन्यात जायचं. एकदा शिंक जिन्यापर्यंत थांबली नाही, तेव्हा तो अर्धा दिवस अपराध्यासारखा वावरला.

“दुसऱ्या खोलीत बसून काम कर की,” असं सुचवणारे भेटतातच. त्यांच्यासाठी तिच्याकडे टेबलाची गोष्ट आहे. ते घरात आलं तेव्हा त्याला पाय नव्हते. पाय आत आणून बसवले, आणि आता ते कुठल्याच दारातून जात नाही. गोष्ट खरी आहे, पण कारण ते नाही. कारण असं की, सरकार झोपले की दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून त्यांचं पोट वर-खाली होतंय ना, ते तिला बघावं लागतं. हे ती कुणाला सांगत नाही. टेबलाचं सांगते.

तर सोमवारी अकरा वाजता सरकार झोपले आणि ती यंत्राच्या नळीची आकृती शोधायला लागली. ऑफिसच्या सगळ्या आकृत्या एका निवृत्त आकृतीकाराने स्वतःच्या तर्काने लावून ठेवल्या होत्या. पाणी आत घेणारी नळी ‘बाहेरून आत’ नावाच्या फोल्डरात, पाणी सोडणारी ‘आतून बाहेर’मध्ये, आणि झाकण दोन्हीकडे थोडं थोडं. एका नळीपर्यंत पोचायला नऊ क्लिक. कीबोर्ड मऊ होता, त्याची पुटपुट सरकारला चालायची. पण माउसचा ‘टक्’ त्या शांततेत असा वाजला की जणू कुणी टाचणीऐवजी खलबत्ता टाकला. पहिल्या क्लिकला पापणी हलली. तिसऱ्याला मूठ उघडली. सहाव्याला सरकार पाळण्याचा कठडा धरून उभे होते आणि ‘काय चाललंय इथे?’ अशा नजरेने बघत होते. झोप, सात मिनिटं. पान, शून्य.

बिनआवाजाचा माउस मिळतो, हे तिलाही माहीत आहे. नवऱ्याने त्याच संध्याकाळी आणला. तो खरोखरच वाजत नव्हता. फक्त आपण जिवंत आहोत हे कळवण्यासाठी त्याच्या पोटात दर दहा सेकंदांनी निळा दिवा लुकलुकायचा. सरकारांनी तो पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि मागून घेतला. आता तो त्यांच्या खेळण्यांत आहे.

“मी म्हणते, घरात जरा आवाज असू दे गं,” सासूबाई म्हणाल्या. त्या घरातच असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना सरकारांच्या मागे धावता येत नाही. “आम्ही छापखान्याच्या वर राहायचो. खाली यंत्र धडधडायचं आणि वर हा,” त्यांनी तिच्या नवऱ्याकडे हनुवटी केली, “असा झोपायचा की दूध पाजायला हलवून उठवायला लागायचा. रविवारी छापखाना बंद. झालं, सकाळपासून भोकाड.”

“हो का आई?” ती म्हणाली, आणि सुनेने सासूचा सल्ला जिथे ठेवायचा असतो तिथे, आदराने, नीट घडी करून, ठेवून दिला.

उपाय सांगितला धाकट्या दिराने, फोनवर. तो दुसऱ्या गावी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि ज्यातलं त्याला कळत नाही अशी गोष्ट अजून निर्माण व्हायची आहे.

“वहिनी, एवढंच ना? लाँचर घ्या.”

“तो काय असतो भाऊजी?”

“छोटासा प्रोग्रॅम हो. दोन कळा दाबल्या की स्क्रीनवर एक पट्टी येते. तिच्यात फायलीच्या नावाची दोन अक्षरं मारायची, एंटर, फाईल हजर. माउसला हातच लावायचा नाही. मी तर वर्षभर लावला नाहीये. माउस कुठे आहे तेही आठवत नाही.”

तिच्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं पोट संथपणे वर-खाली होऊ लागलं. “कुठला घेऊ?”

“चिक्कार आहेत. फक्त हलका आणि चपळ बघा. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, जड काही टाकलंत तर धापा टाकेल.”

इथे दिराने एकच नाव सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याने चौदा पाठवली, आणि ‘तुमचं तुम्ही ठरवा’ असं लिहिलं. शिकलेल्या माणसाला तुमचं तुम्ही ठरवा म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला समुद्र दाखवून ‘सगळा तुझाच’ म्हणण्यासारखं आहे.

तिने तक्ता केला. उभे चौदा लाँचर, आडवे रकाने: वजन, वेग, आवाज करतो का, दिवा लावतो का, बनवणारा भला माणूस वाटतो का. लोकांनी लिहिलेली मतं वाचली. एक म्हणतो, ‘याने माझं आयुष्य बदललं.’ खाली दुसरा म्हणतो, ‘माझंही, पण मला जुनं परत हवंय.’ कुणी लिहिलं होतं की अमुक लाँचर तमुकपेक्षा एका सेकंदाच्या विसाव्या भागाने मागे पडतो, म्हणून त्याने तो काढून टाकला. हा माणूस त्या वाचलेल्या वेळेचं काय करत असेल, याचा विचार करण्यातच तिची पाच मिनिटं गेली. सोमवारची दुसरी आणि मंगळवारची पहिली झोप तक्त्यात गेली.

“म्हणजे नऊ क्लिक वाचवायला तू दोन झोपा घालवल्यास,” नवरा म्हणाला. तो जेवायला घरी आला होता आणि पाणी पीत होता, पेला नळाला टेकवून.

“अभ्यास नको करायला?”

“कर ना. डोंगर पोखरून उंदीर काढतात, तू उंदीर काढायला डोंगर पोखरतेयस.”

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते जिन्यात जाऊन शेजारच्या मास्तरांना ऐकवलं. मास्तर म्हणजे चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. ते ताबडतोब आले. घंटीत बोळा असल्याने त्यांनी दार वाजवलं. दोन्ही हातांनी, लयीत.

“लाँचर? कशाला?” सरकारांच्या रडण्यावर आवाज चढवत मास्तर म्हणाले. “अगं पोरी, माउस ही आळशी माणसाची काठी, आणि लाँचर म्हणजे त्या काठीला लावलेली काठी! कीबोर्डवर सगळं आहे. एकशे अठरा युक्त्या आहेत. रोज दहा पाठ कर. मी येऊन घेत जाईन.”

“सर, रोज नको. म्हणजे, तुम्हाला त्रास.”

“त्रास कसला! मी रिकामाच आहे,” मास्तर म्हणाले. आणि आपला शब्द त्यांनी पाळला, हीच तर अडचण होती.

दरम्यान आणखी एक गोष्ट लक्षात आली. कॉम्प्युटर ऑफिसचा होता, आणि त्यावर काहीही नवीन टाकायला संगणक विभागाची परवानगी लागायची. तिने फोन केला.

“नमस्कार, संगणक विभाग. तिकीट काढलंत?”

“नाही, मला फक्त विचारायचं होतं की…”

“विचारायचं तिकीट वेगळं असतं मॅडम.”

या गृहस्थांना ऑफिसात सगळे तिकीटवाले म्हणत. त्यांच्याकडे आग लागली म्हणून कुणी धावत गेलं तरी ते आधी तिकीट काढायला लावतील आणि मग आग विझल्यावर ‘तुमचं समाधान झालं का?’ असं विचारतील, अशी त्यांची ख्याती होती. तिकीट म्हणजे त्यांच्या भाषेत कॉम्प्युटरवर भरायचा अर्ज. तिने तो उघडला. अकरावा प्रश्न होता: ‘सदर प्रणालीविना काम अडते काय? होय / नाही. होय असल्यास आजवर कसे चालले?’

ती त्या प्रश्नासमोर बराच वेळ बसली. आयुष्यातल्या कुठल्याही नव्या वस्तूला हा प्रश्न विचारला तर माणूस नेसत्या वस्त्रानिशी रानात जाईल. शेवटी सरळ खरं लिहिलं: ‘क्लिकच्या आवाजाने बाळ उठते.’

दोन तासांत उत्तर आलं. ‘आपली आवाजाबाबतची तक्रार इमारत व फर्निचर विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ आणि पाठोपाठ त्या विभागाचा फोन: “मॅडम, बाळ कोणत्या मजल्यावर आहे?”

“दुसऱ्या. पण आमच्या घरी.”

“घरची इमारत आमच्याकडे येत नाही.” पलीकडून दीर्घ श्वास. “तरी बाळाचा आवाज येतोय की बाळाला आवाज येतोय, तेवढं सांगा. रजिस्टरला लागतं.”

“भाऊजी, परवानगीचं काही खरं नाही,” तिने दिराला कळवलं.

“अहो वहिनी, काही लाँचर टाकावे लागतच नाहीत. नुसते उतरवून घ्यायचे आणि चालवायचे. त्याला कसली परवानगी?”

नियम मोडला नव्हता, फक्त वळसा घातला होता. मंगळवारच्या दुपारच्या झोपेला तिने तक्त्यातला पहिला, ‘चुटकी’ नावाचा लाँचर उतरवून घेतला. पिसासारखा हलका. दोन कळा दाबल्या, पट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. आणि येताना म्हणाली: ‘टिंग!’

आनंदाचा, गोड, देवळातल्या लहान घंटेसारखा टिंग. सरकार उठले. आवाज बंद करायची सोय होती. ती ज्या पानावर होती त्या पानावर फक्त माउसने जाता यायचं.

बुधवारी ‘बाण’. बाणाची कीर्ती अशी की तो तुमच्याकडून शिकतो. तुम्ही काय उघडता, काय शोधता, ते ध्यानात ठेवतो आणि तुम्ही मागण्याआधीच पुढे करतो. तिने त्याला आधीचा सगळा इतिहास वाचायची मुभा दिली. हुशार नोकराला घर दाखवावं तशी.

आणि त्याच झोपेत विभागप्रमुख बाईंचा फोन आला. “पाच मिनिटं स्क्रीन दाखव गं. काम कुठवर आलंय बघते.”

तिने हेडफोन लावले, स्क्रीन बाईंना दाखवली आणि कुजबुजत म्हणाली, “हो मॅडम.”

“इतकं हळू का बोलतेयस? बरं, पाणी आत घेणाऱ्या नळीची आकृती काढ.”

तिला मनातून बरंच वाटलं. इथे नऊ क्लिक नाहीत, इथे कौशल्य आहे, हे बाई आता बघतील. तिने दोन कळा दाबल्या. आदल्या दिवशीची चुटकी बंद करायची राहिली होती, आणि दोघांच्या कळा त्याच. दोन्ही पट्ट्या एकीवर एक उगवल्या. हेडफोनमध्ये टिंग झालं. गडबडीत तिने ‘बाहेरून आत’मधला ‘बा’ मारला. बाणाने, शिकल्याप्रमाणे, यादी पुढे केली. बाईंच्या डोळ्यांपुढे, ठळक अक्षरांत:

बाळाचं गाणं, मोठ्या आवाजातलं
बाळ डोळे अर्धे उघडे ठेवून का झोपतं
बाळाचे श्वास मिनिटाला किती असावेत
बाळ सांभाळून नोकरी जमते का
बाई कडक असल्यास रजा कशी मागावी

तिने यादी घालवायला जी कळ दाबली ती एंटर निघाली. तक्त्यात तिने बाणाला वेगात दहापैकी दहा दिले होते, ते योग्यच होते. गाणं सुरू झालं. ते थांबवायला ती पुढे झेपावली, तशी हेडफोनची वायर निघाली आणि गाणं खोलीभर पसरलं. सरकार उठून कठडा धरून गुडघ्यात लवून नाचायला लागले. दारावर लयीत थापा पडल्या. मास्तर आजच्या दहा युक्त्या घ्यायला आले होते.

“आकृती नंतर पाठव,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दुपारी ती जेवली नाही. माणसाची अब्रू चव्हाट्यावर जाते म्हणतात. तिची तर ‘बा’च्या यादीत ओळीने लागून गेली होती. “श्वास मोजतेस तू?” नवऱ्याने हळूच विचारलं. ती म्हणाली, “टेबल दारातून जात नाही.”

चुटकी आणि बाण दोघांना तिने हाकललं. मग पुढच्या दोन झोपांत आकृत्या नसलेली तेवढी पानं उरकली, संध्याकाळी नवऱ्याने सरकारला कडेवर घेऊन जिना वर-खाली केला तेवढ्यात आणखी काही. गुरुवारी दुपारी तिने मोजलं. सव्वीस झाली होती, अडतीस उरली होती, सगळी आकृत्यांची. झोपा उरल्या दोन. दोन साते चौदा. कसंही फिरवलं तरी दोन साते चौदाच येत होते. तिने कपाटातून सरकारची छोटी पिशवी काढली आणि पाळणाघराच्या बाईंनी दिलेली यादी वाचत तीत कपडे भरायला घेतले. दोन जोड. टोपी. ओळखीच्या वासाचं एखादं फडकं.

फडक्यापाशी तिचा हात थांबला असतानाच फोन थरथरला.

“संगणक विभाग. मॅडम, तुमचं तिकीट मंजूर झालं.”

“आता?”

“इमारत विभागाने परत पाठवलं, ‘बाळ आमच्या हद्दीत नाही’ असा शेरा मारून. कॉम्प्युटर चालू ठेवा. मी इथूनच टाकतो.”

सरकार नुकतेच झोपले होते. स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरू लागला, भुताने पछाडल्यासारखा, पण सरकारी गतीने. “हा आपला ‘सर्वशोध’,” तिकीटवाले फोनमध्ये म्हणाले. “संस्थेने मंजूर केलेला एकच आहे.”

“हलका आहे ना?”

“मंजूर आहे.”

“आणि चपळ?”

“मॅडम, मंजूर आहे म्हटलं ना.”

सर्वशोध आला. आल्या आल्या त्याने ठरवलं की काहीही शोधण्यापूर्वी संस्थेच्या बावीस वर्षांतल्या सगळ्या पुस्तिकांची, सगळ्या इस्त्र्यांची, पंख्यांची, बंद पडलेल्या आणि न निघालेल्या यंत्रांची एक सूची करावी. कोपऱ्यात आकडा आला: शून्य टक्के. म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या आतला पंखा आधी कुरकुरला, मग घोरला, मग असा सुटला की टेबल थरथरायला लागलं. घर्रर्रर्र!

“बंद करा! बंद करा हो!” ती कुजबुजत ओरडली.

“सूची अर्धवट थांबवता येत नाही. समाधान झालं का? एक दाबा.”

तिने कॉम्प्युटरवर उशी दाबली. पंख्याचा श्वास कोंडला आणि तो दुप्पट ओरडला. तिने उशी काढली, डोळे मिटून घेतले आणि रडण्याची वाट पाहिली.

रडणं आलं नाही.

एक डोळा उघडून तिने पाळण्याकडे पाहिलं. सरकार उताणे, हात वर टाकून, ओठांचा चंबू करून पडले होते. बेशुद्ध तर नाही? ती धावली. या गोंगाटात श्वास ऐकू येईना, म्हणून पोटावर तळवा ठेवला. वर, खाली. वर, खाली. संथ. बोटाने गाल हलवला. सरकारांनी नाक मुरडलं आणि कूस बदलली.

चाळिसावं मिनिट गेलं. पन्नासावं गेलं. तासाभराने मात्र तिला राहवेना. “आई! अहो, जरा इकडे या ना. हा उठत का नाहीये?”

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत आल्या. पाळण्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. धडधडणाऱ्या टेबलाकडे कान केला, आणि त्यांच्या तोंडावर तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी उमटलं.

“छापखाना,” त्या म्हणाल्या. एवढंच. आणि परत गेल्या.

ती खुर्चीत बसली. सर्वशोधच्या पट्टीत ‘बा’ मारला. पट्टी विचारात पडली. चार मिनिटांनी पट्टीने चौदा वर्षांपूर्वीच्या इस्त्रीची पुस्तिका पुढे केली. मग तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि माउसला हात लावला. टक्. पाळण्यात काही नाही. टक् टक्. काही नाही. त्या घरघरीत खुद्द तिलाच क्लिक ऐकू येत नव्हता. नऊ क्लिक, नळी. नऊ क्लिक, झाकण. निवृत्त आकृतीकाराच्या डोक्यातल्या सगळ्या बोळांतून ती खडखडत फिरली. मास्तर येऊन दार वाजवून गेले, हे तिला संध्याकाळी कळलं.

त्या दिवशी सरकार तीन तास वीस मिनिटं झोपले. चोवीस पानं. शुक्रवारी सकाळी दहाला झोपवलं, सूची एकेचाळीस टक्क्यांवर होती, पंखा मनापासून गात होता. अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी चौसष्टावं पान, म्हणजे मुखपृष्ठ, जोडून तिने पुस्तिका पाठवली. एका क्लिकने.

बाईंचं उत्तर बारा वाजून दोन मिनिटांनी आलं. ‘मिळाली. घरून काम चालू ठेव. रजा हवी असेल तर सरळ मागत जा. आणि श्वास मोजणं दीड वर्षाने सुटतं. माझं तरी सुटलं होतं.’

तिने ते तीनदा वाचलं. मग पिशवीतली टोपी काढून सरकारच्या खणात परत ठेवली.

गोष्ट इथे संपवावी असं कुणालाही वाटेल. पण रविवारी दुपारी, सरकार पाळण्यात आणि नवरा सोफ्यावर गाढ झोपलेला असताना, कोपऱ्यातला आकडा शंभर टक्के झाला. पंखा एकदा खोकला आणि थांबला.

घरात ती जुनी, दहा महिने जिवापाड जपलेली शांतता पसरली. क्षणभरच. मग पाळण्यातून सरकारांनी भोकाड पसरलं, आणि त्याच क्षणी सोफ्यावरून नवरा दचकून उठून बसला. “काय झालं? काय थांबलं?” तो कावराबावरा होऊन विचारत होता.

सासूबाईंनी तिच्या नवऱ्याला माळ्यावरून मिक्सर काढायला लावला, तो टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी ठेवला, आणि रिकामाच सुरू केला. बापलेकांची तोंडं एकाच वेळी मिटली.

ती मिक्सरशेजारी बसून संगणक विभागाच्या नावे नवं तिकीट काढायला लागली. मागणी: ‘सर्वशोधची सूची पुन्हा पहिल्यापासून करावी. जमल्यास दर आठवड्याला.’ मग तो अकरावा प्रश्न आला. सदर प्रणालीविना काम अडते काय? ‘होय.’ आजवर कसे चालले?

तिने मिक्सरवर हात ठेवून बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

‘सासूबाईंचे न ऐकता,’ तिने लिहिलं, आणि माउसने, चांगला जोरात, क्लिक केला.